कैफ उतरेपर्यंत: कॅनडात संध्याकाळी गांजा घेणाऱ्या नवख्यांसाठी

कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून सज्ञान माणसाने गांजा विकत घेणं, जवळ बाळगणं आणि वापरणं कायदेशीर आहे. गमी (जेलीसारखी चघळायची गोळी), चॉकलेट, पेयं हे खाण्यापिण्याचे प्रकार त्यानंतर साधारण वर्षभराने कायद्यात बसले. वयाची अट बहुतेक प्रांतांत १९, अल्बर्टात १८ आणि क्वेबेकमध्ये २१. टोरांटो, ब्रॅम्प्टन, मिसिसागात नव्याने राहायला आलेल्या मराठी माणसाला गांजाचं दुकान किराणा दुकानाच्या शेजारीच दिसतं. कोणती गमी हलकी, कोणती कडक, हे तिथला विक्रेता सांगतो. पण चढलेलं उतरेपर्यंत काय करायचं, हे फारसं कोणी सांगत नाही. हा लेख त्यासाठी आहे. गांजा घ्या असा आग्रह यात नाही. ज्यांनी घ्यायचं ठरवलं आहे, त्यांची रात्र आणि पुढची सकाळ सुखरूप जावी एवढीच कळकळ आहे.

काही जणांनी मात्र या वाटेला जाऊच नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, स्वतःला किंवा जवळच्या रक्ताच्या नात्यात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा सायकोसिस झालेले, हृदयविकार असलेले. वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध, झोपेच्या गोळ्या, फिट्सची किंवा तीव्र वेदनांची औषधं चालू असतील तर आधी फार्मसिस्टला विचारा. ते इथे फुकट सांगतात आणि त्यात संकोचाचं काही नाही. मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालू असते. त्यामुळे कायद्याने १९ व्या वर्षी परवानगी दिली, तरी विशीतल्या मुलांनी जितकं लांबवता येईल तितकं लांबवावं.

आधी घड्याळ मांडा

ओढलेला आणि खाल्लेला गांजा अगदी वेगळा वागतो. नवख्यांच्या बहुतेक तक्रारी इथूनच सुरू होतात.

जॉइंट (गांजाची विडी) किंवा व्हेप (बॅटरीवर चालणारी पेन) ओढला की टीएचसी, म्हणजे गांजातलं नशा आणणारं द्रव्य, फुप्फुसातून थेट रक्तात जातं. काही सेकंदांत ते काही मिनिटांत जाणवतं, अर्ध्या तासात पूर्ण चढतं आणि ६ तासांपर्यंत राहतं. गमी खाल्ली की ते पोटातून यकृतात जातं आणि तिथे त्याचं ११-हायड्रॉक्सी-टीएचसी होतं. हे रूप मेंदूवर जास्त जोरात काम करतं. सुरुवात व्हायला अर्धा तास ते २ तास लागतात, पूर्ण जोर यायला ४ तास जाऊ शकतात आणि असर १२ तासांपर्यंत टिकू शकतो. दोन्ही प्रकारांत जडपणा, मंदपणा २४ तासांपर्यंत रेंगाळू शकतो.

हे आकडे तुमच्या शुक्रवारवर बसवून बघा. संध्याकाळी ७ ला गमी खाल्ली, तर पहिली चाहूल साडेसात ते नऊच्या दरम्यान कधीही लागेल. पूर्ण भर रात्री ११ पर्यंत येऊ शकतो. म्हणजे तुम्ही नेहमी झोपता तेव्हाच जोर सगळ्यात जास्त असेल. असर सकाळी ७ पर्यंत आणि उरलीसुरली सुस्ती शनिवारच्या संध्याकाळपर्यंत. आता शनिवारी सकाळी ८ ला मुलीला पोहायच्या क्लासला गाडीने सोडायचं असेल, तर ही गमी त्या शुक्रवारची नव्हेच. ती अशाच दिवशी खावी जेव्हा पुढच्या दिवशी गाडी, यंत्र, परीक्षा, मुलाखत, लहान मूल एकट्याने सांभाळणं, यातलं काहीच अंगावर नाही. वाढदिवस किंवा ऑफिसची पार्टी बघून दिवस ठरवू नका, दुसऱ्या दिवशीचं वेळापत्रक बघून ठरवा.

मात्रा, आणि दुसऱ्या तुकड्याचा मोह

पाकिटावर लाल अष्टकोनात गांजाचं पान छापलेलं असतं. ते नसेल तर ते पाकीट कायदेशीर दुकानातलं नाही. मग त्यावर लिहिलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. कॅनडात खाण्याच्या एका पाकिटात जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम टीएचसी असू शकतं. कधी ते एकाच गमीत असतं, कधी दोन-चार गमींत वाटलेलं. नवख्याने २.५ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी घ्यावं. १० ची एक गमी असेल तर सुरीने चार भाग, ५ ची असेल तर दोन भाग. चिकट गमी कापताना तुकडे सारखे पडत नाहीत. पाच-दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून मग कापली की बरं जमतं, आणि चार तुकड्यांतला सगळ्यात लहान आधी घ्या.

ओढणाऱ्यांसाठी सुक्या फुलाच्या डबीवर टीएचसीचे दोन आकडे असू शकतात: एक साधा, दुसरा ‘टोटल’. तापवल्यावर प्रत्यक्षात मिळतं ते टोटल. तोच बघा. ग्रॅमला २०० मिलिग्रॅम म्हणजे २० टक्के, नवख्यासाठी फार कडक. १०० मिलिग्रॅम किंवा कमी असलेलं निवडा, एक-दोन झुरके घ्या आणि थांबा. धूर छातीत धरून ठेवल्याने जास्त चढतं असं नाही. जास्त जातो तो डांबराचा अंश.

आता तो मोह. पाऊण तास झाला, काहीच जाणवत नाही. ‘मला चढतच नाही’ असं म्हणून दुसरा तुकडा तोंडात जातो. तासाभराने पहिला चढतो, त्यावर दुसरा चढतो, आणि माणूस पलंगाची कड धरून बसतो. गमीची रात्र बिघडते ती बहुतेक वेळा अशी. नियम सरळ आहे: त्या संध्याकाळी दुसरा तुकडा नाहीच. कमी पडलं तर पुढच्या वेळी ५ करून बघा. भरल्या पोटी उशिरा चढतं, तूप-लोणी-चीज असलेल्या जेवणासोबत जास्त शोषलं जातं, कारण टीएचसी चरबीत विरघळतं. म्हणून तीच गमी एकदा हलकी आणि दुसऱ्यांदा भारी वाटू शकते.

घरी तुपात किंवा दुधात गांजा शिजवून केलेली बर्फी, होळीची थंडाई, यांत मात्रा किती हे करणाऱ्यालाही सांगता येत नाही. एका वडीत कमी, शेजारच्या वडीत तिप्पट असं सहज होतं. नवख्याने त्यापासून लांब राहावं.

दारू आणि गांजा एका संध्याकाळी नको. आधी दारू घेतली की रक्तातलं टीएचसी आणखी वाढतं. मग खोली गरगर फिरणं आणि उलट्या जवळजवळ ठरलेल्या.

संध्याकाळी सहाची तयारी

उतरण्याची बरीचशी कामं चढण्याआधीच करून ठेवायची असतात, कारण नंतर ती धड होत नाहीत.

जेवण आधी शिजवून ठेवा. रात्री अकराला जबर भूक लागते. अशा वेळी भजी तळायला कढई ठेवून टीव्हीसमोर बसलेला माणूस कढई विसरतो, कारण वेळेचं भान पहिल्यांदा जातं. दहीभात, मुगाची खिचडी, कापलेली फळं, चिवडा, जे असेल ते डब्यात काढून टेबलावर ठेवा. गरम करायचं तर मायक्रोवेव्ह. शेगडी आणि सुरी त्या रात्रीपुरत्या बंद.

पाण्याची बाटली किंवा ताकाचा तांब्या बसायच्या जागेजवळच असू द्या. घशाला कोरड पडते ती लाळ कमी झाल्याने. घोट घोट पीत राहिलं की पुरतं, लिटरभर एकदम ढोसायची गरज नाही. एनर्जी ड्रिंक आणि कडक कॉफी टाळा. छातीत आधीच धडधड वाढलेली असते, त्यात कॅफीनची भर कशाला?

गाडीची किल्ली घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्या. एकटे राहत असाल तर पिठाच्या डब्यामागे, सहज हाती येणार नाही अशी ठेवा. बाहेर कुणाकडे असाल तर परतीची उबर किंवा शेवटच्या बसची वेळ आधीच बघून ठेवा.

फोनचं एक खास सांगायला हवं. उन्हाळ्यात टोरांटोत रात्रीचे साडेनऊ वाजतात तेव्हा पुण्यात सकाळचे सात वाजलेले असतात. आई-बाबांचा रोजचा फोन नेमका चढत्या वेळी येतो. बोलता बोलता वाक्य हरवलं की तिकडे काळजी सुरू होते आणि इकडे घाबरायला होतं. म्हणून त्यांना आदल्या दिवशीच ‘उद्याचा फोन परवा करतो’ असं कळवा. ऑफिसचं ईमेल आणि खरेदीची अ‍ॅप रात्रीपुरती बंद करा.

नवख्याने एकट्याने घेऊ नये. सोबत एक जण पूर्ण शुद्धीत हवा, आणि तुम्ही काय, किती, किती वाजता घेतलं हे त्याला माहीत हवं. कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा: ‘७.१०, गमी, २.५’. दोन तासांनी हाच कागद दुसऱ्या तुकड्यापासून वाचवतो. घरात लहान मूल असेल तर रात्रभर त्याची जबाबदारी त्या शुद्धीतल्या माणसाची, हे आधी स्पष्ट बोलून घ्या. आणि गांजा घेतलेल्याने बाळाला कुशीत घेऊन झोपू नये.

चढल्यावर

इथे करण्यासारखं थोडंच आहे. दिवे मंद करा, पण अंधार नको. ओळखीची, शांत गाणी लावा. बातम्या किंवा थरारपट नको. सैल कपडे घाला, पाय उबदार ठेवा. हिवाळ्यात बाल्कनीत जायचं तर जॅकेट घालूनच. धुंदीत थंडी लवकर कळत नाही.

उठताना सावकाश. आधी बसा, पंधरा-वीस सेकंद थांबा, मग काहीतरी धरून उभे राहा. टीएचसीने रक्तवाहिन्या सैल होतात. झटकन उभं राहिलं की रक्तदाब घसरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस बाथरूमच्या दारात कोसळतो. याच कारणाने कडक गरम पाण्याची अंघोळ त्या वेळी नको. तोंडावर, मानेवर कोमट पाणी पुरे.

जास्त झालं तर

चेहरा पांढराफटक, घाम, उमासे, हृदय धाडधाड, ‘आता आपण मरणार’ किंवा ‘आपण वेडे होणार’ अशी भीती, मिनिट तासासारखं वाटणं. मात्रा जास्त झाल्याची ही नेहमीची लक्षणं. प्रसंग भयंकर वाटतो, पण निरोगी माणसात ते आपोआप ओसरतं. ओढलेलं असेल तर काही तासांत, खाल्लेलं असेल तर जास्त वेळ लागतो. थांबवण्याचा उपाय घरात नसतो. लिंबू, काळी मिरी, आंघोळ, कॉफी, यांतल्या कशानेही टीएचसी रक्तातून लवकर जात नाही. मिरीचा वास घेतल्याने काहींचं मन गुंततं, तेवढ्यापुरता घ्यायला हरकत नाही. सीबीडीचं (गांजातल्याच, नशा न आणणाऱ्या दुसऱ्या द्रव्याचं) तेल वरून घेऊन उतारा मिळेल या भरवशावर राहू नका.

सोबतच्या माणसाने असं करावं. गर्दी आणि आवाज कमी करायचा. आडवं करायचं, चक्कर असेल तर पाय उशीवर. उमासे असतील तर कुशीवर, पाठीवर कधीही नाही. नाकाने चार मोजेपर्यंत श्वास आत, तोंडाने सहा मोजेपर्यंत बाहेर, त्याच्याबरोबर स्वतः करायचं. आणि दर थोड्या वेळाने घड्याळ दाखवून सांगायचं: ‘सात वाजता घेतलंस, आता दहा वाजलेत, हे गमीमुळे होतंय, मी इथेच आहे.’ वेळेचा अंदाज गेलेल्या माणसाला घड्याळाचा मोठा आधार असतो. ‘एवढंसं तर घेतलंस’ म्हणून हसू नका, व्हिडिओ काढू नका. रागवायचं असेल तर ते उद्या.

छातीत दुखणं, श्वासाला त्रास, बेशुद्ध पडणं, झटके येणं, थांबत नसलेल्या उलट्या, जागं केलं तरी जागं न होणं, नसलेले आवाज ऐकू येणं, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा, यांतलं एकही दिसलं तर ९११ या आणीबाणीच्या क्रमांकाला फोन. फोनवर आणि दवाखान्यात खरं सांगा: काय, किती, केव्हा, सोबत दारू किंवा औषध होतं का. पाकीट बरोबर न्या. कायद्याने ठरलेल्या वयाच्या माणसाने घेतलेला गांजा इथे गुन्हा नाही. लपवल्याने फक्त डॉक्टरांचा वेळ जातो.

उरलेल्या तुकड्यांचं काय

गमीचा उरलेला भाग ओट्यावरच्या वाटीत राहतो. साखर भुरभुरलेली, लाल, चौकोनी; तीन वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांना ती जेलीच. पंधरा किलोच्या मुलाला २.५ मिलिग्रॅमसुद्धा दवाखान्यात पोहोचवू शकतं: गुंगी, तोल जाणं, श्वास मंदावणं. म्हणून कापलेले तुकडे पहिला तुकडा तोंडात घालायच्या आधी मूळ पाकिटात परत, पाकीट कुलुपाच्या डब्यात, डबा वरच्या कपाटात. फ्रिजमध्ये ठेवायचं तरी डबा कुलुपाचाच. नंतर ठेवू म्हटलं की राहून जातं. मुलाने खाल्ल्याची शंका जरी आली, तरी उलटी काढायला लावू नका. विषबाधा केंद्राचा क्रमांक १-८४४-७६४-७६६९ (क्वेबेकमध्ये १-८००-४६३-५०६०), मूल गुंगलेलं असेल तर थेट ९११.

कुत्र्यालाही हेच. तो लडखडतो, लघवी ठिबकते, आवाजाने दचकतो. पशुवैद्याकडे न्यायचं आणि काय खाल्लं ते सांगायचं. तुकड्यात चॉकलेट असेल तर कुत्र्याला दुहेरी धोका.

ओढणाऱ्यांनी थोटूक पाण्यात बुडवून मगच कचऱ्यात टाकावं, बाल्कनीतल्या कुंडीतल्या मातीत खुपसून नव्हे. सुकी माती आणि त्यात मिसळलेलं पीट (कुजलेल्या वनस्पतींचा भुसा) हळूहळू धुमसतात. स्मोक अलार्म झाकू नका. काँडोच्या नियमांत बाल्कनीत ओढायला बंदी असू शकते, ती आधी वाचा. हात धुऊन, कपडे बदलून मगच मुलांजवळ जा. व्हेप उशीखाली किंवा गादीवर चार्जिंगला नको.

झोप

गांजाने झोप लवकर लागते हे खरं. पण स्वप्नांची झोप, म्हणजे आरईएम, कमी होते आणि सकाळी जडपणा राहतो. अंथरुणावर पडण्याआधी बाथरूमला जाऊन या, वाटेतल्या चपला, खेळणी, वायरी बाजूला करा, पॅसेजमधला छोटा दिवा चालू ठेवा. दात घासताना बसून घासलं तरी चालतं. झोपेची गोळी किंवा गुंगी आणणारं सर्दीचं औषध त्या रात्री घेऊ नका.

आठवड्यातून एखाद्या संध्याकाळच्या पुढे जाऊ नका. झोपेसाठी म्हणून रोज घेतलं की थोड्या आठवड्यांत तेवढ्याने भागत नाही, मात्रा वाढते. मग बंद केलं की झोप उडते, चिडचिड होते, भूक मरते, घाम येतो, भडक स्वप्नं पडतात. हा त्रास पहिल्या आठवड्यात जास्त असतो आणि साधारण दोन आठवड्यांत कमी होतो. रोज घेणाऱ्या काहींना पुन्हा पुन्हा उलट्यांचा विकार जडतो. गरम पाण्याखाली उभं राहिलं की तात्पुरतं बरं वाटतं, ही त्याची खूण. त्यावर उपाय एकच, पूर्ण बंद.

दुसऱ्या दिवशी गाडी

शुद्धीत वाटणं आणि शुद्धीत असणं यांत फरक पडतो. ओंटारियोत २१ किंवा त्याखालचे, जी-१ आणि जी-२ (पूर्ण परवान्याआधीच्या पायऱ्यांचा) परवाना असलेले आणि ट्रक-बससारखी व्यावसायिक वाहनं चालवणारे यांना गांजाच्या बाबतीत अजिबात सूट नाही. लाळेत टीएचसी सापडलं की परवाना तिथल्या तिथे निलंबित होऊ शकतो. भारतातून आलेल्या अनेकांकडे पहिली काही वर्षं जी-२ च असतो, म्हणून हे नीट लक्षात ठेवा. इतरांसाठीही रक्तात मिलिलिटरला २ नॅनोग्रॅमपासून गुन्हा सुरू होतो. सोबत दारू असेल तर नियम आणखी कडक.

ज्यांच्याकडे अजून नागरिकत्व नाही त्यांनी पुढची ओळ दोनदा वाचावी. १८ डिसेंबर २०१८ पासून नशेत गाडी चालवण्याच्या गुन्ह्याची कमाल शिक्षा १० वर्षं झाली आहे. त्यामुळे तो स्थलांतर कायद्याच्या दृष्टीने गंभीर गुन्हा ठरतो आणि पीआर (कायम रहिवासाचा हक्क) सुद्धा धोक्यात येतो. गमी खाल्ली असेल तर पूर्ण २४ तास चाकाला हात नाही. क्रेन, फोर्कलिफ्ट किंवा बांधकामावर काम असेल तर कंपनीचा नियम यापेक्षाही कडक असू शकतो. तो लेखी मागून घ्या.

बॅग भरताना

देशांतर्गत विमानात सुका गांजा ३० ग्रॅमपर्यंत चालतो, पण सीमा ओलांडताना एक गमीसुद्धा चालत नाही. अमेरिकेकडे जाताना नाही, कॅनडात परत येताना नाही, भारतात तर मुळीच नाही. तिथे १९८५ चा एनडीपीएस कायदा लागू होतो आणि कॅनडातल्या दुकानाची पावती काही कामाची नाही. विमानतळावर निघण्याआधी जॅकेटचे आतले खिसे, लॅपटॉप बॅगेचा छोटा कप्पा आणि टॉयलेटरीची पिशवी उलटी करून बघा. व्हेपची पेन आणि अर्धी राहिलेली पाकिटं बहुधा तिथेच सापडतात.